भाऊजींनी वाटलेले डोळे

आमच्या भाऊजींना सगळा रस्ता 'टचिंगवाले' म्हणून ओळखतो. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत त्यांचं उभं आयुष्य गेलं. फोटो काढायचं काम मालकांचं आणि काढलेल्या चेहऱ्यावरून हात फिरवायचं काम भाऊजींचं. पूर्वी ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने करत, मग कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर करू लागले. गालावरचा वण, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालचं काळं, कुणाचा पुढे आलेला कान, सगळं हलक्या हाताने मिटवायचं. गिऱ्हाईक म्हणे, "छान आलाय हो फोटो," की भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "माणूसच छान आहे, मी काय केलं?"

त्यांचं म्हणणं असं, की ओळखपत्रावरचा फोटो माणसाला वर्षानुवर्षं गळ्यात घालून हिंडायचं असतं. मग तो त्याच्या वाईट दिवसाचा का असावा?

माणूस मुलखाचा भिडस्त. दुकानदाराने टवका उडालेला कप दिला, तर बदलून मागायचे नाहीत. घरी आणून दुसऱ्या बाजूने चहा पितील. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला घरात आम्ही धाकटीच म्हणतो, ती अगदी उलट. जिभेला हाड नाही, पण मनात तीळभर काही ठेवायची नाही. आम्ही चौघं एकाच मजल्यावर राहतो, स्वयंपाकघर एक. देवाने जोड्या लावताना एकाची भीड दुसरीच्या तोंडात घातली असावी, असं मला नेहमी वाटतं.

धाकटी धुलाईघरात कामाला जाते. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात. फाटलेल्या चादरींना ठिगळ लावायचं, उसवलेल्या किनारी शिवायच्या, हे तिचं काम. आमच्या खालच्या खोलीत राहणारी घडीताईही तिथेच असते. ती वाळलेल्या चादरींच्या घड्या घालते, म्हणून तिचं नाव घडीताई. हातांना सवयच अशी, की आमच्याकडे चहाला बसली तरी बोलता बोलता टेबलावरचा कागद, पुसायचं फडकं, सगळ्याची चौकोनी घडी करून ठेवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी आहे, ती नर्सिंग शिकते. घडीताईच्या सगळ्या बोलण्याचं शेवटचं स्टेशन ती मुलगी.

गेल्या वर्षी धुलाईघराच्या दारावर चेहरा ओळखणारं मशीन बसलं. समोर उभं राहायचं, ते बघतं, दार उघडतं आणि हजेरी लागते. बायकांनी आठवड्याभरात त्याचं नाव 'सासूबाई' ठेवलं. येता-जाता तोंडाकडे बघते, बोलत काही नाही, लक्षात मात्र सगळं ठेवते. आत स्टोअरच्या दारावर दुसरं बसलं, ती झाली 'चुलतसासू'. तिथे आधी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसत. त्यांना माल चढवायच्या कामावर पाठवलं.

मशीनला चेहरे शिकवायला फोटो लागतात. धुलाईघराच्या साहेबांनी ओळखपत्रांचे जुने फोटो दिले. कुणाला विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. कार्डासाठी दिलेले फोटो मशीनच्या पोटात गेले, एवढंच.

पण सासूबाईंचं घडीताईशी पहिल्या दिवसापासून जमेना. धुलाईघरात वाफ असते, कापडाचा बारीक भुगा उडत असतो, म्हणून सगळ्या बायका नाकातोंडावर फडकं आणि डोक्यावर टोपी घालतात. मशीन बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं, फडकं काढू नका, ते डोळ्यांवरूनही ओळखतं.

"मला नाही ओळखत," घडीताई एकदा माझ्याकडे बसून सांगत होती. "फडकं काढते, टोपी काढते, तरी म्हणते ओळख पटली नाही. शेवटी रखवालदार बटण दाबतो."

"तुझ्या खऱ्या सासूने तरी कुठे ओळखलं होतं तुला," धाकटी म्हणाली.

"आणि गंमत ऐका ताई. मागच्या महिन्यात तापाने घरी पडले होते ना, त्या दिवशी मला हजर दाखवलंय. मी जाऊन मुकादमबाईंना सांगितलं, मी नव्हते हो आले. तर म्हणतात कशा, मशीन म्हणतंय म्हणजे आलीच असशील."

आम्ही तिघी पोट धरून हसलो. भाऊजी पलीकडे पेपर वाचत होते. तेही हसले.

मग एके दिवशी स्टोअरमधल्या नव्या चादरींचा एक गठ्ठा कमी भरला. मशीनची नोंद काढली. जेवणाच्या सुट्टीनंतर स्टोअरचं दार उघडलं होतं, आणि नाव होतं घडीताईचं. घडी घालणाऱ्या बाईचं स्टोअरमध्ये काय काम? साहेबांनी तिला बोलावलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. रडली नाही. टेबलावरचं फडकं घेतलं, घडी केली, उलगडलं, पुन्हा घडी केली.

"मी साहेबांना म्हटलं, मी घडीच्या टेबलाशी होते, विचारा सगळ्यांना. ते म्हणाले, माणूस विसरतं, माणूस एकमेकाला सांभाळूनही घेतं, मशीन यातलं काही करत नाही. शंभरात एखादी चूक होत असेल फार तर. मी म्हटलं, मग ती एक मी का नसेन?"

"काय म्हणाले मग?"

"काही नाही. तसे वाईट नाहीत हो ते. पाणी दिलं मला."

धाकटी ताटं मांडत होती, ती थांबली. "सुट्टीनंतर म्हणजे कधी? त्याच वेळेला तर मी जाते स्टोअरमध्ये, दोऱ्याची रिळं आणायला. मला कशी नाही दिसलीस तू?"

"मी नव्हतेच तर दिसणार कशी?"

"उद्या सांगते साहेबांना."

दुसऱ्या दिवशी धाकटी सांगून आली, पण येताना तिचा चेहरा उतरलेला होता. साहेबांनी नोंद उघडून दाखवली होती. त्या दुपारी स्टोअरच्या दारावर तिचं नाव कुठेच नव्हतं. "तुम्ही मैत्रिणीसाठी बोलताय, मी समजू शकतो," असं ते म्हणाले.

"ताई, मी गेले होते असं मला पक्कं आठवतंय," ती मला म्हणाली. "निळा दोरा संपला होता. पण मशीन नाही म्हणतंय. मग नसेनही गेले. आदल्या दिवशीचं डोक्यात असेल." आपल्या शब्दावरून कधी न हटणारी बाई स्वतःच्याच आठवणीवर संशय घ्यायला लागली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भाऊजी समोर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. पाणी प्यायले आणि उठले.

सकाळी मी देवापुढे दिवा लावत होते तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले. माझी प्रार्थना होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "वहिनी, घडीताईच्या कार्डावरच्या फोटोत डोळे तिचे नाहीत."

मला अर्थबोध होईना. त्यांनी हळूहळू सांगितलं. धुलाईघराने कार्डं काढली, तेव्हा बायका कामाची पाळी संपवून स्टुडिओत रांगेने उभ्या होत्या. मालकांनी एकेकीचा एकच फोटो काढला आणि पुढची बोलावली. बायका घरी गेल्यावर भाऊजी बघतात तर काही जणींचे डोळे अर्धे मिटलेले. वाफेत दिवसभर उभ्या राहिलेल्या बायका, डोळे उघडे राहणार कसे? पुन्हा बोलवायचं तर त्यांची खोटी. मालकांना सांगायचं तर भीड. म्हणून भाऊजींनी आपल्याकडच्या एका फोटोतले डोळे उचलले आणि त्या मिटल्या डोळ्यांच्या जागी बसवले. रंग जुळवला, सावली जुळवली. घडीताईच्या चेहऱ्यावर ते सगळ्यांत बेमालूम बसले.

"कुणाचे डोळे?" मी विचारलं.

ते खाली बघून म्हणाले, "हिचे."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. धाकटीच्या स्वतःच्या कार्डावरचा फोटो मी पाहिलेला आहे. फ्लॅश उडाला तेव्हा तिने डोळे बारीक करून कपाळाला आठ्या घातल्या होत्या, आणि "माझ्या तोंडाला हात लावायचा नाही" असं भाऊजींना बजावलं होतं. भाऊजींनी हात लावला नव्हता. म्हणजे धाकटीचे उघडे डोळे मशीनला कुठे सापडणार? घडीताईच्या फोटोत. सकाळी धाकटी उघड्या तोंडाने येते तेव्हा हजेरी तिच्याच नावावर लागते, पण सुट्टीनंतर तोंडावर फडकं, डोक्यावर टोपी, वर नुसते दोन डोळे. धाकटी दारासमोर उभी राहिली की मशीन म्हणत असणार, या घडीताई.

"म्हणजे ती खरंच गेली होती स्टोअरमध्ये," मी म्हटलं.

"तीच गेली होती. आणि हे मी सांगितलं, की घडीताईवरचा संशय उठून हिच्यावर येणार."

 दिव्याची वात सारखी केली. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या तोंडून देवाकडे जे गेलं ते फार थोर नव्हतं. आमच्या घरावर हे येऊ नये, एवढंच मागणं गेलं. मग खालच्या खोलीतून बादली सरकवल्याचा आवाज आला. घडीताई कामावर जायच्या वेळेला फरशी पुसत होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "साहेबांचं नंतर बघू. आधी धाकटीला सांगा. डोळे तिचे आहेत."

"सांगतो," ते म्हणाले. पण त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी मागे लागले नाही. भिडस्त माणसाला ढकललं की तो आणखी आत जातो.

मधल्या काळात घडीताई एका हॉटेलच्या धुलाईखात्यात काम विचारायला गेली. तिथल्या दारावरही त्याच कंपनीचं मशीन होतं. तिने नाव सांगितलं, कार्ड दाखवलं. रखवालदाराने पडद्यावर बघितलं आणि सौम्यपणे म्हणाला, "बाई, तुमच्या नावापुढे खूण आहे. मला आत सोडता येत नाही." कसली खूण ते त्याला माहीत नव्हतं. कुणी केली तेही माहीत नव्हतं. एका दारावरचा संशय तिच्या आधी दुसऱ्या दारावर पोहोचला होता. पूर्वी बदनामीला पाय होते म्हणत. आता तिला चालावंही लागत नाही.

त्या संध्याकाळी घडीताईची मुलगी वर आली. आई झोपली आहे म्हणाली. "काकू, तुमच्या ओळखीत कुठे काम आहे का? मी शिकणं थांबवते सध्या. आईला सांगू नका, ती ऐकणार नाही."

भाऊजी माठाजवळ उभे होते. पेला भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मुलगी गेली. धाकटी भाजी चिरत बसली होती. भाऊजी तिच्यासमोर जाऊन बसले.

"ऐक ना. तुझे डोळे मी दिलेत."

"कुणाला?" तिने मान वर केली नाही. तिला वाटलं काहीतरी विनोद चाललाय.

"घडीताईला. आणखीही काही जणींना. फोटोत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याजवळ सांगितलं होतं तसंच. धाकटीने सुरी खाली ठेवली.

"मला न विचारता?"

"फोटोतलेच होते ते."

"फोटोतले म्हणजे काय, शेजारणीचे झाले? कुठला फोटो?"

"लग्नानंतर खिडकीपाशी काढला होता तो. त्यात तुझे डोळे फार..."

"फार काय?"

"उघडे होते."

धाकटी माझ्याकडे वळली. "ऐकलंत ताई? एवढ्या वर्षांत एकदा कौतुक केलं, तेही उघडे होते म्हणून." तिला हसू आवरेना. मग एकदम शांत होऊन म्हणाली, "म्हणजे मी गेले होते. निळा दोरा. मी म्हणत होते ना, मी गेले होते." हरवलेली वस्तू आपल्याच घरात सापडावी तसा तिचा आवाज झाला.

आणि मग पुढचंही तिच्या लक्षात आलं. "आता साहेब म्हणतील गठ्ठा मी नेला."

"म्हणूनच मी थांबलो होतो," भाऊजी म्हणाले.

"म्हणून तिला घरी बसू देणार होतात?"

 धाकटीने सुरी पुन्हा हातात घेतली. भाजी चिरत म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. तो खिडकीतला फोटो घ्या, घडीताईचा मूळचा असेल तर तोही घ्या. आणि तिलाही घेऊन जाऊ. तिचं तोंड आहे, तिच्यामागे बोलायला नको."

खाली जाऊन भाऊजींनी घडीताईला आधी सांगितलं. तिने आपलं कार्ड काढून पाहिलं. "माझी मुलगी म्हणते, आई, या फोटोत तू वेगळीच दिसतेस. मला वाटायचं, तरुण दिसतेय." एवढंच बोलली. रागावली असती तर भाऊजींना सोपं गेलं असतं.

धुलाईघरात काय झालं ते मी पाहिलं नाही. तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, त्यातलं जे जुळलं ते लिहिते. धाकटी फडकं आणि टोपी घालून स्टोअरच्या दारासमोर उभी राहिली. दार उघडलं आणि पडद्यावर घडीताईचं नाव आलं. साहेबांनी तिला पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. मग घडीताई उभी राहिली, आणि दार हललं नाही.

"म्हणजे मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले.

"मशीन बरोबर आहे साहेब," भाऊजी म्हणाले. "त्याला मिळालेला चेहरा खोटा आहे. तो मी केलाय. कार्डासाठी केला होता, दारासाठी नव्हता केला."

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मग धाकटीला विचारलं, "त्या दुपारी आत तुम्ही गेला होतात तर."

"रोज जाते."

"मग गठ्ठा?"

"गठ्ठ्याचं मला ठाऊक नाही. मी दार उघडलं, रिळं घेतली, आले. मशीनने दार उघडताना पाहिलं. गठ्ठा नेताना कुणालाच पाहिलेलं नाही, ना तिला, ना मला. ते तुम्ही जोडलंत."

साहेब यावर रागावले नाहीत, पण हातचा नियमही त्यांना सोडता येईना. घडीताईला त्यांनी त्याच दिवशी कामावर घेतलं आणि धाकटीला चौकशीपर्यंत घरी बसवलं. घडीताई टेबलाशी गेली नाही. ती म्हणाली, "मग मीही बसते तिच्याबरोबर." धाकटीनेच तिला दटावून आत पाठवलं, "दोघी बसलो तर घड्या काय सासूबाई घालणार?"

ते दिवस धाकटीने घरातली सगळी उसवलेली कापडं शिवून काढली. भाऊजी रोज स्टुडिओतून लवकर येत आणि तिच्या शेजारी नुसते बसत. एकदा ती म्हणाली, "बघत काय बसलाय? अजून कुणाला द्यायचेत?" मी हसले, पण रोज दिवा लावताना माझं मागणं एकच होतं, जे खरं असेल ते लवकर वर येऊ दे.

गठ्ठा आठवडाभराने एका इस्पितळातून परत आला. धुतलेल्या मालाबरोबर चुकून गाडीत चढला होता. तो आला म्हणून धाकटी सुटली. इस्पितळातल्या कुणी तो उघडून वापरायला घेतला असता तर? हे मी देवालाही विचारलेलं आहे. उत्तर आलेलं नाही.

हॉटेलच्या दारावरची खूण मात्र लगेच गेली नाही. साहेबांनी कंपनीला लिहिलं, पण ती खूण कुठे कुठे गेली आहे हे त्यांनाही सांगता येईना. घडीताई अजून अधूनमधून त्या हॉटेलवरून जाते आणि रखवालदाराला विचारते. तो पडद्यावर बघतो आणि मान हलवतो. दोघांची आता ओळख झाली आहे.

साहेबांनी नवे फोटो मागितले. या वेळी बायकांनी आधी विचारलं, फोटो कोण ठेवणार, आणखी कुणाला देणार, मी काम सोडल्यावर त्याचं काय होणार. कुणी शिकवलं नव्हतं, धाकटीच्या तोंडून एक प्रश्न गेला आणि बाकीचे त्याच्या मागून आले. साहेब सगळ्यांची उत्तरं देऊ शकले नाहीत. ज्यांना मशीन नको त्यांनी हजेरीच्या वहीत सही करावी असं ठरलं. काही जणींनी मशीन घेतलं, लवकर आत जाता येतं म्हणून. त्यांचंही खरं आहे.

घडीताईने वहीतली सही निवडली. "पण कार्ड मला नवं हवं," ती भाऊजींना म्हणाली. "माझंच तोंड असलेलं."

ती पाळी संपवून स्टुडिओत गेली, मीही बरोबर होते. डोळे तसेच, मिटायला आलेले. भाऊजींनी मालकांकडून कॅमेरा मागून घेतला होता. त्यांनी डोळ्याला लावला, खाली केला, आणि एक खुर्ची पंख्याखाली ओढली. "बसा जरा. घाई नाही." ती बसली. भिंतीवर कापडाचा एक तुकडा होता, तो घेऊन मांडीवर त्याची घडी करायला लागली आणि अर्ध्या घडीवर तिला झोप लागली.

मालक आतून आले. "हे काय चाललंय? बाहेर गिऱ्हाईक आहे."

भाऊजी नेहमीसारखे आधी खाली बघायला लागले. मग ते म्हणाले, "थांबू द्या त्यांना. यांचे डोळे उघडू देत."

मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं टवका उडालेल्या कपाने बोलायला सुरुवात केली असावी. आणि ते बाहेर गेले.

घडीताई आपोआप जागी झाली, तोंड पुसलं, नीट बसली. भाऊजींनी एकच फोटो काढला. हात फिरवला नाही. कानशिलावर वाफेने भाजल्याचा डाग आहे, तो राहू दिला. डोळ्यांखालचं काळंही राहिलं.

तिने फोटो हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"मी अशी दिसते होय," ती म्हणाली.

"अशाच दिसता," भाऊजी म्हणाले.

"बरी आहे की."

फोटोच्या पाकिटाची तिने घडी करायला घेतली, मग आत फोटो आहे हे लक्षात येऊन थांबली. ते तसंच सरळ पिशवीत ठेवलं आणि आम्ही घरी निघालो.